सुताराने सही केलेलं घर

लिटल मोर्टन हॉलचं छायाचित्र पहिल्यांदा पाहणारा माणूस नकळत मान तिरकी करतो. इंग्लंडच्या चेशर परगण्यात, काँगलटन गावाच्या नैर्ऋत्येला, कुरणांच्या मधोमध हे घर आहे. भोवतीची जमीन सपाट, खंदकातलं पाणी निश्चल. आणि त्या पाण्यावर तीन मजली लाकडी घर असं उभं, की त्याची एकही रेघ ओळंब्यात नाही. वरचा मजला खालच्याच्या पुढे आलेला, त्याच्यावरचा आणखी पुढे. खिडक्यांची रांग मध्येच लवलेली, छपराचं आढं पाठीच्या कण्यासारखं वाकलेलं. त्यावर काळ्यापांढऱ्या नक्षीची इतकी दाटी, की डोळ्यांना टेकायला जागा सापडू नये. पहिल्या नजरेत हा सगळा गोंधळ वाटतो. माझं म्हणणं असं, की या घरापुढे तासभर शांत उभं राहावं. मग या गोंधळामागचा हात दिसू लागतो, आणि तो हात सुताराचा असतो.

घराचा सर्वांत जुना भाग, म्हणजे मधलं मोठं दालन आणि पूर्वेच्या पाख्याचा उत्तरेकडचा भाग, १५०४ ते १५०८च्या सुमारास विल्यम मोर्टन या जमीनदाराने बांधवला. त्याच्या मुलाने, तोही विल्यमच, १५४६मध्ये पश्चिमेची बाजू नव्याने उभी केली. नातू जॉन याने १५६०-६२च्या सुमारास दक्षिणेची बाजू आणि देवडी बांधली. १६१०च्या सुमाराला एक छोटं स्वयंपाकघर जोडलं गेलं आणि बांधकाम थांबलं. या शंभर वर्षांत घराला वास्तुविशारद असा कोणी नव्हता. स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवून घेणाऱ्या जॉन शूटने वास्तुकलेवरचं इंग्रजीतलं पहिलं पुस्तक छापलं ते १५६३ साली. तोवर मोर्टनांचं घर जवळजवळ पुरं झालं होतं. प्रत्येक पिढीने आपली गरज सांगावी, सुताराने ती ओकच्या लाकडात विचार करून सोडवावी, असं हे घर वाढत गेलं. म्हणून त्याचा आराखडा कागदावर शोधण्यात अर्थ नाही. तो सांध्यांत शोधायचा.

तर सांध्यांपासूनच सुरुवात करू. दगडी जोत्यावर ओकचे जाड पाट आडवे टाकलेले, त्यांच्यावर खांब, खांबांच्या डोक्यावर तुळया, आणि मधे तिरके आधार. हा सांगाडा म्हणजेच घर; भिंती मागाहून भरलेल्या. लोखंडी खिळ्यावर अशा घराचा भरवसा नसतो. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, दुसऱ्यात तिच्या मापाची खाच कोरायची, जीभ खाचेत बसवायची आणि आरपार भोक पाडून ओकचीच खुंटी ठोकायची. यातली खरी कसबाची गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. जिभेतलं भोक खाचेच्या भोकाशी तंतोतंत जुळवत नाहीत. ते केसभर आत, खांद्याच्या बाजूला पाडतात. खुंटी आत शिरताना दोन्ही भोकं एका रेषेत आणू पाहते, आणि त्या ओढीने सांधा करकचून आवळला जातो. ओक ताजा, ओलाच वापरत, कारण ओला ओक वाकसाला आणि पटाशीला ऐकतो; एकदा वाळला की दगडासारखा होतो. ओलं लाकूड घरातच वर्षानुवर्षं वाळतं, आक्रसतं, पीळ घेतं, आणि वाळता वाळता खुंटीला आणखी घट्ट धरतं. मोर्टनांच्या घराचा वाकडेपणा काही अंशी या वाळण्यातून आला आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या खुंट्या आजही खांबांच्या अंगावर बोटाच्या पेराएवढ्या पुढे आलेल्या दिसतात. त्यांच्यावर हात फिरवावा, इतक्या त्या ठसठशीत आहेत.

आता नजर वर न्या. वरचा मजला खालच्या भिंतीच्या पुढे का येतो? जागा वाढते हे उघड कारण. मालकाची ऐपत दिसते, हे दुसरं. पण सुताराचं स्वतःचं कारण याहून सुंदर आहे. खालच्या भिंतीवर टेकलेली तुळई मधोमध लोकांच्या वजनाने खाली लवू पाहते. तीच तुळई भिंतीबाहेर हातभर काढली आणि तिच्या टोकावर वरची भिंत ठेवली, की त्या टोकावरच्या भाराने तुळईचा मधला भाग वर उचलला जातो. तराजूच्या दांडीसारखी ही युक्ती. शिवाय वरच्या मजल्याचं पुढे आलेलं अंग खालच्या भिंतीला पावसातून वाचवतं. बाहेर डोकावणारी तुळयांची टोकं उघडी दिसू नयेत म्हणून त्यांच्याखाली आतून गोलावलेली पट्टी बसवली आहे, आणि त्या पट्टीवरही नक्षी आहे. खंदकावरच्या दगडी पुलावरून देवडीत शिरताना बहुतेकांची नजर समोरच्या दारावर असते. तुम्ही मात्र दारात शिरण्याआधी मान वर करून मजल्यांचं पोट बघा. जिथे कुणी बघणार नाही तिथेही सुताराने रेघ सोडलेली नाही.

नक्षीबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण इथेच या घरावर अन्याय होतो. 'खेळण्यातलं घर' म्हणून त्याचं कौतुक होतं आणि माणसं पुढे जातात. खांब-तुळयांच्या चौकटींतली प्रत्येक चौकट निराळी भरलेली आहे. कुठे तिरक्या पट्ट्या माशाच्या काट्यासारख्या, कुठे शंकरपाळ्या एकात एक, कुठे चार वळणदार तुकडे जुळवून केलेली चार पाकळ्यांची फुलं. उभे मुख्य खांब आणि आडव्या तुळया घराचा भार वाहतात; फुलं नि शंकरपाळ्या फारसं काही वाहत नाहीत. इतकं लाकूड निव्वळ शोभेसाठी वापरणं म्हणजे मालकाने आपली श्रीमंती गावाला दाखवणं होतं, यात शंका नाही. पण सुताराचा संयम पाहा. मुख्य खांबाची रेघ फुलांनी कुठेही मोडलेली नाही. तबल्याचे बोल कितीही दाट झाले तरी सम हरवत नाही, तशी ही रचना आहे. डोळा फुलांमध्ये रमतो, आणि खांबाशी येऊन परत टेकतो.

चौकटींच्या मधल्या जागा कुडाने भरत. कामट्यांची जाळी विणायची आणि तिच्यावर माती, शेण, गवत यांचा गारा लिंपायचा. मराठी माणसाला ही भिंत समजावून सांगायची गरज नाही. शब्दही आपल्याकडे तयार आहे. वरून चुन्याचा हात. आज आपण पाहतो तो काळ्यापांढऱ्याचा तीव्र विरोध मात्र मूळचा मानू नये. लाकूड काळं रंगवण्याची आवड व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. उघडा ठेवलेला ओक उन्हापावसात रुपेरी राखाडी होत जातो. काळा रंग मनातून पुसून त्या जागी ती राख, आणि पांढऱ्याच्या जागी चुन्याचा उबदार पिवळसर रंग कल्पून पाहा. घराचा आवाजच खाली येतो. १९७७नंतर झालेल्या मोठ्या दुरुस्तीत जे नवे ओक बसवले, त्यांना काळं फासलं नाही, नैसर्गिक रंगातच राहू दिलं. त्यामुळे नवं कुठलं नि जुनं कुठलं हे कळतं, आणि जुन्या घराच्या मूळ रंगाची चाहूलही लागते. दुरुस्ती करणाऱ्यांचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

खिडक्यांत सुमारे ३०,००० काचेचे तुकडे आहेत. मोठी सपाट काच तेव्हा करता येत नसे. म्हणून लहान लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांत गुंफत. ही अडचण होती, आणि काचकाराने तिचंच अलंकरण केलं. चौरस, आयत, शंकरपाळ्या, वर्तुळं, त्रिकोण. खिडकीगणिक वीण बदलते, आणि शेजारच्या भिंतीवरच्या लाकडी नक्षीला ती उत्तर देते. लाकडात जे फूल काळ्या रेघेत आहे, त्याची नाजूक बहीण शिशाच्या रेघेत सापडते. सोळाव्या शतकातली पुष्कळ काच अजून टिकून आहे. ती एकरंगी नाही. कुठे हिरवट, कुठे किंचित पिवळी. प्रत्येक तुकडा आपल्या जागी केसभर कललेला असल्याने प्रकाश सगळ्यांवरून एकसारखा परतत नाही. ढग सरकला की आख्खी खिडकी थरथरल्यासारखी दिसते. यंत्राने केलेल्या सपाट काचेला हे सुख कधी लाभणार नाही.

आता आपण फरसबंद चौकात आलो आहोत. या घराचा आत्मा मला विचाराल तर तो इथे, उत्तरेच्या कोपऱ्यात आहे. दुसऱ्या विल्यमने १५५९मध्ये, म्हणजे पहिली एलिझाबेथ गादीवर आल्यानंतरच्या पहिल्याच वर्षात, मोठ्या दालनाला आणि शेजारच्या बैठकीच्या खोलीला एकेक खिडकी जोडली. खिडकी म्हणजे भिंतीतलं भोक नव्हे. दुमजली, बहुकोनी, चौकात पुढे आलेला काचेचा बुरूजच. डोक्यावर प्रत्येकीला स्वतंत्र छप्पर. दोघी इतक्या जवळ, की वर गेल्यावर त्यांची छपरं एकमेकींना भिडतात. कागदावर आराखडा करणाऱ्याने हे होऊ दिलं नसतं. त्याने दोघींत अंतर राखलं असतं. सुताराने तसं केलं नाही. दोन्ही खोल्यांना चौकातून पुरेपूर उजेड हवा होता, आणि चौक लहान. मग त्याने दोघींना खाली वेगळं ठेवून वर खांद्याला खांदा लावू दिला. कानगोष्टी करणाऱ्या दोन बायकांसारख्या त्या दिसतात. अडचणीतून इतकं जिवंत काही निर्माण होतं, तेव्हा 'चूक' हा शब्द बाजूला ठेवावा.

आणि या खिडक्यांवर अक्षरं कोरलेली आहेत. दोन मजल्यांच्या मधल्या लाकडी पट्ट्यांवर, त्या काळच्या मोकळ्या स्पेलिंगमध्ये. एक लेख आधी देवाचं स्मरण करतो आणि मग सांगतो, की या खिडक्या विल्यम मोर्टनने १५५९ साली बनवल्या. दुसरा लेख सांगतो, की रिचर्ड डेल सुताराने या खिडक्या देवाच्या कृपेने बनवल्या. 'सुतार' हा शब्दही त्याने आपल्या बोलीप्रमाणेच कोरला आहे. 'कार्पेंटर'चं 'कार्पेडर' झालं आहे. हे दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचा. मालकासाठी जे क्रियापद, तेच सुतारासाठी. पैसे देणाऱ्यानेही 'बनवल्या', आणि वाकस चालवणाऱ्यानेही 'बनवल्या'. अक्षरं त्याच ओकमध्ये, तितक्याच मानाने. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या किती घरांवर ती घडवणाऱ्याचं नाव सापडेल? सरदार, बिशप, राजे यांच्या ढालींनी भिंती भरलेल्या असतात. कारागीर बहुतेक अनामच जातो. इथे मालकाने सुताराला स्वतःचं नाव कोरू दिलं. विल्यम मोर्टनबद्दल मला वाटणारा आदर मुख्यतः या एका गोष्टीपायी आहे.

आतून या खिडक्यांचं आणखी एक रहस्य उलगडतं. मोठं दालन मुळात जमिनीपासून छपरापर्यंत उघडं होतं. वर कोरीव कैच्या, त्यांचे कमानदार आधार. १५५९मध्ये त्यात मधोमध एक मजला घातला, आणि खिडकीचे दोन मजले झाले ते त्यासाठी: एक खालच्या दालनासाठी, एक वरच्या खोलीसाठी. पुढे तो मजला काढून टाकला गेला. आज दालन पुन्हा उंच झालं आहे, आणि वरच्या खोलीसाठी केलेली खिडकी आता कुठल्याच खोलीची नाही. ती नुसती उंचावरून उजेड ओतते, थेट कैच्यांच्या कोरीव कामावर. ज्याने ती केली त्याच्या मनात हा परिणाम नव्हता. तरी माझ्या मते घरातला सर्वांत देखणा प्रकाश तोच.

शेजारच्या दिवाणखान्यात १९७६ साली नंतरच्या काळातल्या लाकडी फळ्यांच्या अस्तरामागे एक जुनी रंगवलेली भिंत सापडली. लाकडी चौकटींचा आणि संगमरवराचा आभास रंगाने निर्माण केलेला, आणि वरच्या पट्ट्यात बायबलशी निगडित सुझानाची कथा. तीत ती शुचिर्भूत स्त्री आणि तिच्यावर खोटा आळ घेणारे दोन वडीलधारे. काही भाग थेट गिलाव्यावर, काही कागदावर रंगवलेला. मोर्टनांच्या चिन्हातलं लांडग्याचं डोकं आणि 'जे. एम.' ही अक्षरंही तिथे आहेत, म्हणजे चित्रं १५९८मध्ये वारलेल्या जॉनच्या हयातीतली. चित्रकार थोर नव्हता. माणसं ताठ आहेत. पण खऱ्या ओकने काठोकाठ भरलेल्या घरात लाकडाचं चित्र काढावंसं वाटणं, यात त्या काळची रंगाची भूक दिसते. चॅपेलमध्येही रंगवलेली नक्षी आणि धर्मवचनं आहेत. देवडीच्या बाजूला शौचकुपांचा मनोरा आहे, तो थेट खंदकात मोकळा होत असे. सोळाव्या शतकाच्या मानाने ही चैनच.

आता जिने चढून सर्वांत वर या. दक्षिणेच्या बाजूच्या माथ्यावर, बाजूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ६८ फूट लांबीची एक गॅलरी आहे. पावसाळी दिवसांत घरच्यांनी फेऱ्या माराव्यात, खेळावं, म्हणून त्या काळी अशा लांब गॅलऱ्या बांधायची हौस होती. इथल्या भिंतींच्या लाकडी अस्तरामागे सतराव्या शतकाच्या आरंभीचे टेनिसचे चेंडू सापडले आहेत. कुणी फटकारलेले, फटीत गेलेले आणि तिथेच राहिलेले. दोन्ही बाजूंना जवळजवळ अखंड खिडक्या. भिंत अशी उरतच नाही. छप्पर काचेवर ठेवलंय की काय असं वाटतं. आणि ते छप्पर कौलांचं नाही, जाडजूड वालुकाश्माच्या लाद्यांचं आहे.

या गॅलरीचा विचार काम सुरू झाल्यानंतर सुचला असावा, असं बांधकामच सांगतं. खालच्या मजल्यांचे खांब-तुळया दोन मजल्यांच्या हिशोबाने उभे राहिले. वर आणखी एक मजला आला, आणि त्या मजल्यावर दगडाचं छप्पर. खालच्या मजल्यांनी तो भार घेतला, पण घेताना ते लवले, फुगले, पीळ खाऊन बसले. बाहेरून दिसणारा घराचा डौलदार वाकडेपणा मुख्यतः या एका हौसेचा परिणाम आहे. गॅलरीत चाललात तर जमीन पायांखाली लाटेसारखी वर जाते, खाली येते. दगडाची भिंत असती तर ती तडकली असती. ओकचे सांधे मात्र थोडे फिरतात, थोडे सरकतात, आणि खुंटी सोडत नाहीत. पुढे आधाराला लोखंडी सळ्या घालाव्या लागल्या हे खरं. पण त्याआधीची शतकं या घराने निव्वळ लाकूड आणि खुंट्या यांच्या जोरावर काढली. सुताराची परीक्षा घ्यायची तर ती याहून कठोर होऊ शकली नसती, आणि तो तीत उत्तीर्ण झाला आहे.

गॅलरीच्या दोन टोकांना, छपराच्या त्रिकोणात, चुन्यात केलेल्या दोन आकृती आहेत. एकीजवळ नशिबाचं चाक; त्यावर अज्ञानाची सत्ता चालते असं लिहिलेलं. दुसरीजवळ प्राक्तनाचा गोल; त्याचा अधिपती ज्ञान. ही जोडी रॉबर्ट रेकॉर्ड याच्या 'द कॅसल ऑफ नॉलेज' या १५५६ सालच्या खगोलशास्त्राच्या पुस्तकातून घेतली आहे. १५५७मध्ये गणिताला बरोबरचं चिन्ह देणारा रेकॉर्ड तो हाच. लंडनला छापलेलं विज्ञानाचं पुस्तक थोड्याच वर्षांत चेशरच्या एका जमीनदाराच्या माळ्यावर चित्ररूपाने उतरावं, हे त्या घराच्या वाचनाबद्दल पुष्कळ सांगतं. गवंड्याने 'गोल' हा शब्द असा लिहिला आहे की आजच्या डोळ्याला तो 'भाला' वाटतो. ते अक्षर कुणी सुधारलं नाही हे चांगलंच झालं. त्या टोकाकडून या टोकाकडे येरझाऱ्या घालणारा माणूस दर फेरीला नशिबाकडून ज्ञानाकडे आणि ज्ञानाकडून नशिबाकडे जात असे. गॅलरीच्या लांबीला असा अर्थ देणारी दुसरी सजावट मला माहीत नाही.

हे सगळं आजवर मूळ रूपात उरलं कसं? उत्तर दुःखाचं आहे. यादवी युद्धात मोर्टन राजाच्या बाजूचे. भोवतालचा मुलूख पार्लमेंटचा. १६४३मध्ये घर पार्लमेंटवाल्यांनी ताब्यात घेतलं, त्यात सैनिक ठेवले. घर परत मिळालं, पण कुटुंब कर्जाने खचलं, जमिनी विकत गेलं. पैसा नसल्याने कुणी घर पाडून नव्या फॅशनचं बांधलं नाही. ते कुळांना भाड्याने दिलं गेलं, आणि एकोणिसाव्या शतकात तर खोल्या ओस पडल्या. १८९२मध्ये वारशाने ते एलिझाबेथ मोर्टन या जोगिणीकडे आलं. तिने चॅपेल दुरुस्त केलं आणि १९१२मध्ये घर कधीही विकायचं नाही या अटीवर आपल्या नात्यातल्या चार्ल्स अब्राहम या बिशपच्या नावे केलं. त्याने घर लोकांसाठी उघडलं, आणि १९३८मध्ये ते नॅशनल ट्रस्टच्या हवाली केलं. आज ते ग्रेड वन दर्जाची संरक्षित वास्तू आहे आणि कुणालाही पाहता येतं.

मोर्टन मंडळी घर सोडून गेल्यावर एका शेतकरी कुटुंबाने इथे शंभरहून अधिक वर्षं कूळ म्हणून काढली. १८४१मध्ये ते इथे होतं, आणि ट्रस्टकडे घर आल्यावरही ते राखणदार म्हणून राहिलं. खिडक्यांवरच्या सुताराशी त्यांचं नातं होतं असा दावा मी करत नाही. पण त्यांचंही आडनाव डेलच होतं.